यंत्राच्या आत पाहण्याचा हक्क

घाटंजी तालुक्यातील आमच्या गावी आधार, मोबाइल किंवा एखाद्या सरकारी ॲपविषयी बोलणे निघाले आणि मी जर्मनीतील खासगीपणाच्या कायद्यांचा उल्लेख केला, की थोरले काका एवढेच विचारतात, "आपल्यापाशी लपवाले हाये काय?" या प्रश्नात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. कोणाच्या वावरात यंदा बोंडअळीने किती नुकसान केले, कोणाचे पीककर्ज थकले, कोणाच्या मुलीला पाहुणे पाहून गेले आणि पुढे निरोप आला नाही, हे आमच्या गावात संध्याकाळच्या आत सर्वांना कळलेले असते. अशा ठिकाणी खासगीपणा ही शहरातील, चार भिंतींआड राहणाऱ्या माणसांची चैन वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु गावातील या माहितीचा एक गुण मला जर्मनीतील लाइपझिग शहरात राहू लागल्यावर जाणवला. ती दोन्ही बाजूंनी वाहते. तलाठ्याला आमचा सातबारा ठाऊक असतो, तसेच तलाठी कोणत्या वारी साझ्यावर सापडतो, कोणाच्या ओसरीवर चहा घेतो आणि कोणाचा फेरफार कशामुळे अडला आहे, हे गावालाही ठाऊक असते. सावकार कुळाला ओळखून असतो आणि कूळ सावकाराला. जो आपल्याला पाहतो, त्याच्याकडे उलटून पाहता येते. आज ज्या पद्धतीने आपली माहिती गोळा होते, तीत नेमके हे उलट पाहणे नाहीसे झाले आहे, आणि माझी तक्रार माहिती घेतली जाण्याबद्दल नसून त्याबद्दल आहे.

जर्मनीत खासगीपणा जपतात म्हणजे येथील सरकार माहिती मागत नाही, असा समज घेऊन कोणी आले तर तो पहिल्याच पंधरवड्यात गळून पडतो. घर बदलल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात जाऊन पत्त्याची नोंद करणे बंधनकारक आहे, आणि त्या अर्जात धर्मही विचारतात, कारण चर्चचा कर सरकारच वसूल करून देते. त्यानंतर 11 अंकी कर क्रमांक टपालाने घरी येतो आणि तो जन्मभर बदलत नाही. म्हणजे आधारवर हसण्याचा येथील लोकांना फारसा अधिकार नाही. फरक असा की युरोपीय संघाचा माहिती संरक्षणाचा नियम 25 मे 2018 पासून लागू झाल्यावर मी कोणत्याही कंपनीला किंवा कार्यालयाला पत्र लिहून, माझ्याविषयी तुमच्याकडे काय काय आहे, ते कशासाठी ठेवले आहे आणि कोणाला दिले आहे, असे विचारू शकतो, आणि त्यांना साधारणपणे एका महिन्यात, विनाशुल्क उत्तर द्यावे लागते.

लाइपझिगमध्ये या गोष्टीला इतिहासाचे वजन आहे. शहराच्या मध्यभागी एक गोलाकार कोपऱ्याची इमारत आहे, जिथे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचे, म्हणजे श्टाझीचे, जिल्हा कार्यालय होते. 1989 मध्ये या खात्यात सुमारे 91 हजार पगारी कर्मचारी होते आणि त्याखेरीज सुमारे 1 लाख 89 हजार खबरी होते, ज्यांत शेजारी, सहकारी, क्वचित नवरा किंवा बायकोसुद्धा असे. तेव्हा त्या देशाची लोकसंख्या 1 कोटी 60 लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या विदर्भापेक्षाही कमी होती. 4 डिसेंबर 1989 रोजी नागरिकांनी या इमारतीचा ताबा घेतला. आज तेथे संग्रहालय आहे. मला त्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती पुढची. डिसेंबर 1991 मध्ये कायदा झाला आणि 1992 पासून ज्याच्यावर पाळत होती त्याला स्वतःची फाइल वाचण्याचा हक्क मिळाला. शेल्फांवर रांगेने मांडल्यास 111 किलोमीटर भरतील एवढे ते कागद होते, आणि आजवर 30 लाखांहून अधिक लोकांनी आपली फाइल पाहण्यासाठी अर्ज केले आहेत. आपल्यावर पाळत ठेवणारा कोण होता, हे नावानिशी वाचलेली माणसे या शहरात अजून हयात आहेत, "लपवायला काय आहे?" हा प्रश्न त्यांच्यासमोर मी तरी काढत नाही.

पश्चिम जर्मनीतही 1983 मध्ये जनगणनेवरून असाच वाद झाला. ती आधी थांबवण्यात आली, आणि 15 डिसेंबर 1983 रोजी तेथील घटना न्यायालयाने निकाल दिला की आपली माहिती कोणाला, किती आणि कशासाठी द्यायची हे ठरवण्याचा मूलभूत हक्क व्यक्तीचा आहे. पुढे नियम सुधारून 1987 मध्ये जनगणना झालीच. या सावधपणाचा कधीकधी अतिरेकही होतो. 2010 मध्ये गूगलने रस्त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध करायचे ठरवले तेव्हा 2 लाख 44 हजार घरांनी आमचे घर धूसर करा असे कळवले. आमच्या गावात तशी गाडी आली असती तर अर्धे गाव तिच्यासमोर उभे राहिले असते.

आपल्याकडेही 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. मात्र हक्क कागदावर असणे आणि पाळतीचे दार कोणाच्या हाती आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जर्मनीत पोलिसांना फोन ऐकायचा असेल तर न्यायालयाचा आदेश लागतो, आणि पाळत संपल्यावर, तपासाला धोका नसल्यास, संबंधित व्यक्तीला तसे कळवावे लागते. भारतात तो आदेश गृह सचिव देतात, त्याचा आढावा सचिवांचीच समिती घेते आणि ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही काही कळवले जात नाही. फोनमध्ये लपून पाळत ठेवणाऱ्या पेगॅसस या सॉफ्टवेअरविषयी 2021 मध्ये बातम्या आल्या तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. सरकारने या समितीला सहकार्य केले नाही, असे न्यायालयानेच ऑगस्ट 2022 मध्ये सांगितले. 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा कंपन्यांवर बंधने घालतो, माहिती मागण्याची सूचना मराठीतही देण्याची तरतूद करतो, हे चांगले आहे. पण त्याच कायद्यात सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणाने सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट आहे, आणि त्याच कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचे कलम बदलून अधिकाऱ्यांविषयी माहिती मागणे अधिक अवघड केले आहे. म्हणजे पाहणारा आणखी आत सरकला.

जर्मनी स्वच्छ आहे असे मी म्हणत नाही. हेसेन राज्यातील पोलीस पॅलंटीर या अमेरिकी कंपनीच्या प्रणालीने निरनिराळ्या नोंदी एकत्र जोडून विश्लेषण करत होते; त्याला आधार देणारी तरतूद 16 फेब्रुवारी 2023 रोजी घटना न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली, तरी अशा प्रणालीवर सरसकट बंदी घातली नाही.

या सगळ्यात संगणकाच्या आज्ञावलीचा, म्हणजे यंत्राने कसे चालावे हे सांगणाऱ्या लेखी सूचनांचा, संबंध कुठे येतो, ते आता सांगतो. गावातील कंट्रोलच्या दुकानात ई-पॉस यंत्रावर माझ्या आत्याचा अंगठा लागत नाही. जन्मभर कापूस वेचून आणि निंदण करून बोटांच्या रेषा झिजल्या, असे सगळे म्हणतात, आणि ते खरेही असेल. परंतु दोष बोटात आहे, यंत्राच्या काचेत आहे, रेंजमध्ये आहे की दूरच्या सर्व्हरमध्ये, हे आत्याला दिसत नाही आणि दुकानदारालाही दिसत नाही. तलाठ्याशी निदान भांडता तरी येत होते. 2021 पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर आली, 2025 पासून शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागू झाला. या दोन्हींचे फायदे मी नाकारत नाही, कारण तलाठ्याची वाट पाहत बसण्याची पाळी टळली. तरी शेत, पीक आणि अनुदान एका क्रमांकाला जोडणारे हे यंत्र आतून कसे चालते आणि त्यातील माहिती कोण उघडतो, हे विचारण्याची जागा चावडीवर नाही.

2020 मध्ये कोरोनाबाधिताच्या संपर्कात कोण आले हे शोधण्याच्या एकाच कामासाठी दोन देशांनी दोन ॲप काढली, तेव्हा हा फरक मला स्पष्ट दिसला. जर्मन सरकारचा आधीचा विचार संपर्कांची माहिती एका केंद्रात साठवण्याचा होता. संशोधकांनी आणि 1981 पासून काम करणाऱ्या केऑस कॉम्प्युटर क्लब या संगणक जाणकारांच्या संघटनेने कडाडून टीका केल्यावर तो विचार सोडून देण्यात आला. जूनमध्ये आलेल्या ॲपमध्ये संपर्कांची नोंद प्रत्येकाच्या फोनमध्येच राहत होती, आणि त्याची संपूर्ण आज्ञावली कोणालाही वाचता येईल अशी आधीच खुली केली होती. आपले आरोग्य सेतू एप्रिलमध्ये आले, मे महिन्याच्या सुरुवातीला नोकरदारांसाठी सक्तीचे झाले आणि त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीची आज्ञावली 26 मे रोजी, टीकेनंतर, खुली झाली. पुढे ऑक्टोबरमध्ये हे ॲप कोणी तयार केले याची माहिती आपल्याकडे नाही, असे उत्तर सरकारी कार्यालयांनी माहिती अधिकारात दिले आणि केंद्रीय माहिती आयोगाने त्यांना नोटीस काढली. सक्ती आधी आणि तपासणी नंतर, हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की डिसेंबर 2025 मध्ये नव्या प्रत्येक फोनवर संचार साथी हे सरकारी ॲप आधीच टाकण्याचा आदेश टीकेमुळे काही दिवसांतच मागे घेतला गेला, याचेच मला नवल वाटले.

आज्ञावली अशी खुली असलेल्या सॉफ्टवेअरला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. मुक्त म्हणजे फुकटचे, असा आपल्याकडे समज आहे. विदर्भातील वाचकाला ते बियाण्यावरून लवकर समजेल. कापसाचे संकरित पाकीट दरवर्षी विकत घ्यावे लागते, कारण त्याची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर पीक एकसारखे येत नाही. सोयाबीनचे सरळ वाण मात्र घरी राखता येते, उगवणशक्ती तपासता येते, शेजाऱ्याला देता येते. ज्या सॉफ्टवेअरची आज्ञावली वाचता, सुधारता आणि पुढे देता येते, ते दुसऱ्या प्रकारचे. जर्मनीतील काही लोकांनी तर 2017 मध्ये असा खुला परवाना खरोखरच बियाण्याला लावला. 'सनव्हिवा' नावाच्या टोमॅटोचे वाण कोणीही पेरावे, सुधारावे, विकावे. अट एकच, की त्यातून निघालेल्या पुढच्या वाणावर कोणी मालकी सांगू नये. आपल्या 2001 च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँड न लावता विकण्याचा हक्क आधीच दिला आहे, ही गोष्ट येथे सांगितली की लोक वही काढतात.

आपण असे सॉफ्टवेअर वापरतच आलो आहोत, फक्त त्याची जात ठाऊक नसते. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून आणलेले सिनेमे गावात ज्यावर पाहिले जात, तो व्हीएलसी प्लेअर पॅरिसजवळच्या एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या 1996 च्या प्रकल्पातून जन्मला आणि 2001 मध्ये खुला झाला. 2022 मध्ये त्याचे संकेतस्थळ भारतात अनेक महिने बंद होते. ते का बंद केले हे बनवणाऱ्यांनाही कळवले नव्हते, आणि कायदेशीर नोटीस गेल्यावर नोव्हेंबरमध्ये ते सुरू झाले.

कार्यालयांनी हे सॉफ्टवेअर स्वीकारावे का, यावर माझे मत अनुकूल आहे, पण भाबडे नाही. म्युनिक महापालिकेने 2003 मध्ये विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली वापरण्याचा निर्णय घेऊन सुमारे 15 हजार संगणक बदलले आणि 2017 मध्ये पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरवले. राजकारण, कर्मचाऱ्यांची नाराजी आणि बाहेरच्या कार्यालयांशी फाइलींची देवाणघेवाण, असे सगळेच त्यात होते. उलट श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्याने 2024 मध्ये 30 हजार संगणकांवर लिबरऑफिस हे कार्यालयीन कामाचे मुक्त सॉफ्टवेअर आणण्याचे जाहीर केले आणि ते काम चालू ठेवले आहे. लिबरऑफिस मराठीतही मिळते. ग्रामपंचायतीचा ठराव जुन्या फाँटमध्ये टंकून दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी चिन्हांचा चिवडा दिसतो. सर्व संगणकांना समजणाऱ्या युनिकोड या अक्षरपद्धतीत टंकलेला ठराव वीस वर्षांनीही वाचता येईल. तालुक्याच्या सेवा केंद्रात बसणाऱ्या मुलांनी निदान एवढे करावे, त्यासाठी क्रांतीची गरज नाही.

मग आम्ही करायचे काय, असे काका विचारतात, आणि व्हॉट्सॲप सोडा असे मी त्यांना सांगत नाही, कारण सारे गोत तिथेच आहे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर गेल्या 6 महिन्यांत आपला आधार कधी आणि कोणत्या पद्धतीने तपासला गेला याची यादी मिळते. ती दर दोन-तीन महिन्यांनी पाहावी, कारण उलट पाहण्याची तेवढी एक खिडकी सरकारने स्वतःच ठेवली आहे. झेरॉक्सच्या दुकानात पूर्ण क्रमांकाऐवजी शेवटचे चारच अंक दिसणारी आधारची प्रत द्यावी. अंगठ्यावर बँकेतून पैसे काढले जाण्याची भीती असेल तर बोटांच्या ठशांना कुलूप लावण्याची सोयही तेथेच आहे. आत्याला मात्र ते कुलूप मी लावू दिले नाही. दर महिन्याला धान्यासाठी ते उघडावे लागेल, आणि त्याचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो पुण्याला माझ्या चुलतभावाच्या खिशात असतो.