गाळवाल्यांचे सत्कार

१४ जानेवारी म्हणजे भूगोल दिन, हे संक्रांतीच्या गडबडीत फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. प्रा. चं. धुं. देशपांडे यांचा तो जन्मदिवस. कराडला आमच्या कॉलेजात भूगोल मंडळाचा वार्षिक मेळावा त्याच्याच आगेमागे व्हायचा. भाषण कितीही लांबलं तरी शेवटी तिळाची वडी मिळणार, या भरवशावर हॉल भरायचा.

मेळाव्यात दरवर्षी एका शास्त्रज्ञाचा गौरव असे. दुसरीकडे अशा वेळी शिखरं सर करणारे नाहीतर ध्रुवावर जाणारे निवडले जातात. आमच्या सरांना ओढ नद्यांची, आणि त्यातही पाण्यापेक्षा गाळाची. त्यामुळं हार पडायचा तो वाळू-मातीत आयुष्य घालवलेल्या कुणाच्या तरी फोटोला. आम्ही पोरं त्यांना सरळ 'गाळवाले' म्हणायचो.

समई होतीच, पण खरं उद्घाटन बरणीचं. पावसाळ्यात प्रीतिसंगमावर, जिथं कृष्णा आणि कोयना समोरासमोर भिडतात तिथं, पाणी लालसर गढूळ झालं की सर काचेची बरणी भरून ठेवायचे. जानेवारीपर्यंत वर नितळ पाणी आणि तळाशी गाळाचा थर. पाहुण्यांनी ती खसाखस हलवून टेबलावर ठेवायची. टाळ्या थांबायच्या आत वाळू खाली बसलेली असे. मग सावकाश पोयटा. चिकणमाती मात्र आभारप्रदर्शन झालं तरी पाण्यात तरंगतच. एका वर्षीचे पाहुणे पुढारी होते, ते नदीमातेवर इतकं बोलले की त्या दिवशी बरणीचा तळ बराच स्पष्ट झाला होता.

सगळ्यात गर्दी झाली ती आइनस्टाइनच्या वर्षी. फलकावर नुसतं आडनाव लिहिलेलं, त्यामुळं फिजिक्सची पोरं पुढच्या रांगा धरून बसली. फोटो निघाला मुलाचा, हान्स आल्बर्ट यांचा. नदीच्या तळावरून वाळूचा कण कधी उडी घेतो नि कुठं थांबतो, हे त्यांनी संभाव्यतेच्या गणितात बसवलं. १९५० सालचा त्यांचा निबंध नदी-अभियांत्रिकीत आजही आधाराला घेतात. फिजिक्सवाले हिरमुसले, तेव्हा सरांनी कॅन्टीनमधून कपभर चहा आणि चिमूटभर चहापत्ती मागवली. चहा ढवळला की पत्ती कडेला न जाता मधोमध गोळा होते. थोरल्या आइनस्टाइननी १९२६ साली यावरूनच नदीच्या वळणांचा उलगडा केला होता. तळाशी पाणी संथ फिरतं म्हणून तिथला प्रवाह आतल्या बाजूला वळतो. नदीही वळणावर बाहेरचा काठ खाते आणि आतल्या काठाला वाळू टाकते. त्यानंतर एकही पोरगा उठून गेला नाही.

इंग्लिसांचं वर्ष आम्हाला जवळचं, कारण काम इथलंच, खडकवासल्याचं. तिथल्या जल संशोधन केंद्राचं बीज १९१६ सालचं. सर क्लॉड इंग्लिस यांनी तिथं नद्यांच्या प्रतिकृतींवर प्रयोग केले आणि नागमोडी वळणांची लांबी विसर्गाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते असं मांडलं. म्हणजे पाणी चौपट, तर वळण दुप्पट लांब. रुरकीचे प्रा. रा. ज. गर्डे आणि डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू यांचेही फलक पुढं लागले. मला स्वतःला आल्बर्ट शील्ड्स यांचा फलक सगळ्यात आवडतो. या अमेरिकन माणसानं १९३६ साली बर्लिनमध्ये एकच प्रबंध लिहिला: कण हलायला प्रवाहाचा जोर किती लागतो. नंतर तो पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या यंत्रांकडे वळला. त्याच्या आलेखावर पिढ्यान् पिढ्या इंजिनिअर शिकत होते, आणि त्याला कित्येक वर्षं पत्ताही नव्हता.

आमच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सरांनी फोटोऐवजी चालताबोलता माणूस बोलावला. नदीच्या मोजणी केंद्रावर वर्षानुवर्षं गाळाचे नमुने घेणारे एक निवृत्त कर्मचारी. शाल-नारळ झाला, बरणी हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरली, फिरवली आणि विचारलं, "सर, हे पाणी काठावरून वरवर भरलंय ना?"

सर हो म्हणाले.

"मग यात काय बघायचं? मोठी वाळू खालून जाती. वरनं सहा दशांश खोलीवर बाटली सोडायची, ती पण मधल्या धारेला."

हॉल हसला, सर सगळ्यात जास्त हसले. त्याच पावसाळ्यात ज्युनिअर पोरांनी वजन बांधलेली बाटली पुलावरून सोडली, आणि पुढच्या मेळाव्याला बरणीच्या तळाशी वाळूचा थर चांगला बोटभर निघाला.