यादी आणि फाइल

मार्चअखेरीच्या धांदलीत लेखा विभागातल्या एका ज्येष्ठ मॅडमचा फोन आला, तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. सामायिक ड्राइव्हवरच्या १८ एक्सेल फायली दिसेनाशा झाल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी लेखापरीक्षकांना द्यायचा ताळेबंदही त्यांतच होता. गेली ११ वर्षे मी आमच्या संस्थेचे संगणक सांभाळतो. असा फोन आला की फाइल चुकून शेजारच्या फोल्डरात ओढली गेली असणार, हे मी खुर्चीतून न उठताच धरून चालतो. या वेळी मात्र सगळे फोल्डर धुंडाळूनही काही हाती लागले नाही.

शेवटी मी मॅडमच्या शेजारी जाऊन बसलो आणि मघाशी नेमके काय केले ते दाखवण्याची विनंती केली. त्यांनी विंडोज १० मधला फाइल एक्सप्लोरर उघडला. २०१५ साली आलेल्या या आवृत्तीत तो उघडताच 'क्विक ॲक्सेस' दिसतो: वर नेहमीचे फोल्डर, खाली अलीकडे उघडलेल्या फायली. "ही यादी फार वाढली होती, म्हणून खालचे सगळे एकगठ्ठा निवडून डिलीट दाबले. पण सर, मी यादी साफ केली, फायली नाही!"

या यादीत राइट क्लिक केल्यास 'रिमूव्ह फ्रॉम क्विक ॲक्सेस' हा पर्याय मिळतो आणि त्याने फक्त नोंद जाते. डिलीटची कळ मात्र मूळ फाइलच उडवते. फायली त्यांच्याच संगणकावर असत्या तर रीसायकल बिनमध्ये सापडल्या असत्या, पण सामायिक, म्हणजे नेटवर्कवरच्या ड्राइव्हवरून पुसलेले तिथे जात नाही. कायमचे पुसायचे का, असे पडद्यावर विचारले गेले होते. कुठून, हे त्यात नव्हते. यादीतून कायमचे, असे समजून मॅडमनी होकार दिला. प्रत्येक नावाशेजारी फाइलचा मार्ग, म्हणजे ती कुठल्या फोल्डरात आहे ते, फिकट अक्षरांत दिलेला असतो, हे मी त्यांना मोठ्या उत्साहाने दाखवले. तो त्यांनी आजवर एकदाही वाचला नव्हता, आणि आमच्याकडे दुसरे कोणी वाचत असेल असे मला वाटत नाही.

आमचा सर्व्हर सकाळी ७ आणि दुपारी १२ वाजता शॅडो कॉपी, म्हणजे फायलींची त्या क्षणाची प्रत, घेतो, त्यामुळे 'प्रीव्हियस व्हर्जन्स' या जुन्या प्रतींच्या यादीमधून बाराच्या प्रती परत मिळाल्या. त्यानंतरच्या नोंदी मॅडमनी रात्री साडेआठपर्यंत बसून पुन्हा केल्या. मी व्हाउचरवरचे आकडे वाचून दाखवत होतो. वरिष्ठांनी अहवालात 'वापरकर्त्याची चूक' असे लिहायला सांगितले. मी तसेच लिहिले, आणि ते मला अजून खटकते.

पुढच्या आठवड्यात मी सगळ्या संगणकांवर एक्सप्लोरर ड्राइव्ह दाखवणाऱ्या 'धिस पीसी'वर उघडेल असे केले, अलीकडच्या फायलींची यादी बंद केली आणि प्रत्येकाच्या डाव्या पट्टीत कामाचे तीनच फोल्डर पिन केले. निम्मा विभाग नाराज झाला, कारण आपली फाइल कोणत्या फोल्डरात असते हे त्यांना कधी ठाऊकच नव्हते. ती यादी हाच त्यांचा रस्ता होता. "सर, काल केलेले काम आता कुठे बघायचे?" असे मॅडमनीच विचारले.

सहा जणांची यादी मी पुन्हा सुरू करून दिली आहे, त्यांत मॅडमचीही आहे. डिलीटची कळ तेवढ्या यादीपुरती निकामी करण्याची सोय मला सेटिंगमध्ये अजून सापडलेली नाही.