गुण जुळले, गोत्र कोण बघणार?

आमच्या लांडग्यांच्या गेममध्ये सातव्या पिढीची पिल्लं पहिल्याच हिवाळ्यात मरायला लागली, तेव्हा आधी संशय अन्नावर गेला. पण शिकारीचे आकडे ठीक होते. गेमच्या नोंदींचा लॉग चाळताना एका लांडगीपाशी थांबलो. तिचा जोडीदार तिचाच सख्खा भाऊ होता.

प्रत्येक लांडग्याच्या स्वभावाचे तीन आकडे असतात : धीटपणा, मिळूनमिसळून राहणं आणि चपळाई. प्रत्येक आकडा उणे ५० ते ५० यांच्यातला. दोघांच्या आकड्यांतले फरक बेरजेने ३०० मधून वजा केले, की जुळणीचे गुण मिळतात. ही लांडगी २०, उणे ५, १२. भाऊ १४, ३, ८. फरक १८, गुण २८२. बाहेरून आलेल्या नराला जेमतेम १९७. पिल्लाचा स्वभाव आई-बापाच्या सरासरीत १० कमी-जास्त करून ठरतो, त्यामुळे सख्ख्या भावंडांचे गुण २४० च्या खाली जाऊच शकत नाहीत. परका नर तिथे बहुतेक वेळा हरणारच.

एका कळपातल्यांची जोडी लावायची नाही, ही अट कोडमध्ये होती. पण ती कळपाचा क्रमांक बघायची. एक ते तीन वर्षांचा लांडगा कळप सोडतो, तेव्हा तो क्रमांक पुसला जातो; आणि बाहेर भेटलेली भावंडं कोडच्या लेखी परकी ठरतात.

हे खेळापुरतं नाही. सुपीरियर सरोवरातल्या आयल रॉयल या अमेरिकी बेटावर २०१६ साली दोनच लांडगे उरले होते, बाप आणि लेक. दोघांची आई एकच, म्हणजे ती भावंडंही. उलट अमेरिकेच्याच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५-९६ साली कॅनडातून आणलेल्या ३१ लांडग्यांचा वंश वाढला, तो नात्यातला जोडीदार टाळूनच. गेममध्ये हे दिसलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आता गुण काढण्याआधी जन्मदात्यांच्या नोंदीवरून तीन पिढ्या मागे जातो. समान पूर्वज सापडला तर गुण शून्य. मग प्रतिकारशक्तीच्या पाच जनुक-जोड्या जितक्या वेगळ्या, तितके गुण वाढतात. स्वभावाचा नंबर त्यानंतर.

कळपाशी जुळणी हे निराळं प्रकरण. आधी सगळ्या सदस्यांच्या गुणांची सरासरी घ्यायचो. सहांपैकी पाच जणांशी छान जमायचं, सरासरी उत्तम यायची, आणि कळपाची मुख्य मादी नवख्याला पहिल्याच दिवशी फाडायची. कळप म्हणजे बहुतेक वेळा एक जोडपं आणि त्यांची पिल्लं. म्हणून आता नर-मादी दोघांशीही वेगवेगळे किमान १८० गुण लागतात. बाकीच्यांची सरासरी त्यानंतर.

जुन्या सेव्ह फाइलींत आई-बापाची नोंदच नाही. तिथे पाचही जनुक-जोड्या तंतोतंत जुळल्या, तर जोडी लावत नाही. यात एखादा खरा परकाही नाकारला जातो. तो चालेल, भाऊ नको.