सुटलेल्या पाठीची खुर्ची

खुर्ची परवडली, ती पाठ निखळलेली होती म्हणूनच. इथे मिशिगनमध्ये एका घरातलं सामान विक्रीला काढलं होतं, तिथल्या तळघरात ती दिसली. बैठक एकीकडे, पाठ दुसरीकडे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर जोडप्याची एलसीडब्ल्यू (लाउंज चेअर वूड), प्लायवूडची, वर अक्रोडाचं व्हेनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. खालच्या लेबलावर ती सुरुवातीला बनवणाऱ्या इव्हान्स कंपनीचं नाव, म्हणजे माल १९४०च्या दशकातला. (लेबलवर चार्ल्स आहे, त्याची बायको रे नाही. तेव्हाची रीतच ती.)

पाठ सुटणं हे या खुर्चीचं जुनंच दुखणं. ईम्सना बैठक आणि पाठ सलग एकाच तुकड्यात वळवायची होती, पण तेवढ्या वळणावर प्लायवूड तडकायचं. शेवटी दोन्ही वेगळे केले आणि जोडाला रबर घातलं. स्क्रू पाठीच्या आरपार जात नाही, मागे चिकटवलेल्या रबरात बसतो. त्यामुळे टेकलं की पाठ किंचित लवते. प्लायवूडवर त्यांचा हात बसला तो युद्धकाळात, अमेरिकी नौदलासाठी जखमी पायाला बांधायच्या खपच्या बनवताना. माझ्या खुर्चीचं लाकूड अजून ठणठणीत होतं, रबराचा मात्र दगड झाला होता.

एका दुरुस्तीवाल्याला दाखवली. तो म्हणाला, सगळी घासून नवीकोरी करून देतो. मी तशीच परत आणली. वरचा थर इतका पातळ असतो की पॉलिश पेपर जरा जोरात फिरला तर खालचं लाकूड दिसायला लागतं.

नवे रबर विकत मिळतात. जुनं काढणं हाच खरा ताप. हीट गन जास्त वेळ धरली तर व्हेनिअर फुगतं, कमी धरली तर रबर हलत नाही. थोडी ऊब, बोथट पातं, पुन्हा ऊब, असं चाललं. त्याआधी जागेच्या खुणा चिकटपट्टीने करून ठेवल्या. नवे तुकडे आधी सांगाड्याला सैलसर स्क्रूने लावले, मग एपॉक्सी गोंद लावून पाठ त्यांच्यावर टेकवली, म्हणजे भोकं चुकत नाहीत. बाकी ओला फडका आणि मेण. बैठकीवरचा कपाचा डाग ठेवला. गुळगुळीत हवी असेल त्याने नवी घ्यावी. १९५७मध्ये बंद झालेली ही खुर्ची १९९४पासून पुन्हा बनते.

बैठक जमिनीपासून जेमतेम सव्वा फूट, हातही नाहीत. बाबा आले तेव्हा निवांत रेलून बसले, पाठ दाबून पाहिली. म्हणाले, "झकास झालीय रे. आता हात दे, उठव मला."