संभाजीनगर ते उदगीर बाईकवर: 'गिअरबॉक्स गेला' म्हणणाऱ्यांपासून सावध

आधी निकाल सांगतो. बीडच्या पुढे गिअर अडायला लागले आणि रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याने एकही बोल्ट न सोडता "गिअरबॉक्स गेला" म्हटलं, तर किल्ली खिशात घालून पुढे निघा. माझ्याकडून साडेसहा हजार आणि एक मुक्काम मागितला होता. गाडी दुरुस्त झाली ती एका क्लच वायरमध्ये.

संभाजीनगर ते बीड रस्ता चांगला आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. बीडमध्ये चहासाठी गावात शिरलो तेव्हा सिग्नलला न्यूट्रल सापडेना. पहिल्यातून वर ढकललं की थेट दुसरा, खाली दाबलं की परत पहिला. तेवढं चालतं म्हणून सोडून दिलं. खरा त्रास मांजरसुंब्याच्या घाटात. जानेवारी म्हणजे उसाचा हंगाम. पुढे दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, त्याच्यापुढे आणखी एक, आणि आपण पहिला-दुसरा, दुसरा-पहिला करत त्यांच्या मागे. चढ संपेपर्यंत पॅडल दगडासारखं झालं होतं. गिअर पडला तरी खाडकन आवाज करून. क्लच पूर्ण दाबून उभं राहिलं तरी गाडी पुढे रेटत होती. ब्रेक सोडला की ट्रॉलीच्या उसात तोंड!

चौकाच्या पुढच्या गॅरेजवाल्याने पॅडल दोनदा वरखाली केलं आणि म्हणाला, "इंजन उतरवावं लागतंय मालक. उद्या संध्याकाळी या." गाडी मांजरसुंब्यात सोडून जाणार कुठे?

अशा वेळी करायची परीक्षा एका मिनिटाची आहे. इंजिन बंद करा. गाडी हलकेच पुढे-मागे सरकवत सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीवर ते नीट पडत असतील आणि चालू असतानाच अडत असतील, तर गिअरबॉक्सला बहुतेक काही झालेलं नाही. क्लच पूर्ण सुटत नाहीये. हात दाबलेला असूनही इंजिनचा जोर गिअरवर राहतो, म्हणून न्यूट्रल सापडत नाही आणि पॅडल जड लागतं. माझे बंद गाडीवर सगळे पडले. गॅरेजवाल्याला दाखवलं तर तो मोबाईल बघायला लागला.

नेकनूरपर्यंत गाडी तशीच नेली. तिथला मेस्त्री विशीतला पोरगा. त्याने मला क्लच दाबायला लावला आणि स्वतः इंजिनपाशी वाकून वायर जिथे अडकते ती छोटी दांडी बघत बसला. लिव्हर पार मुठीला टेकला तरी दांडी जेमतेम हलली. मग त्याने लिव्हरजवळचं रबर मागे ओढलं. आत वायरीचे निम्म्याहून जास्त तार तुटून फुलले होते आणि एकदोन कव्हरमध्ये अडकले होते. "गिअरबॉक्स नाही भाऊ, वायर तुटायली," एवढंच बोलला. नवीन वायर, मजुरी धरून साडेतीनशे. मी चारशे दिले, त्याने पन्नास परत केले.

वायर बदलल्यावर प्ले स्वतः तपासा. साधारण बाईकला लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. जास्त ठेवली तर क्लच सुटणार नाही, गिअर परत अडतील. अजिबात ठेवली नाही तर क्लच घसरेल: इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही, आणि घाटात प्लेटा जळतात. "टाईट केलंय, आता बघायला नको" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. नवी वायर थोड्या अंतरानंतर सैल पडते. माझी अंबाजोगाईत पुन्हा ओढावी लागली.

नेकनूरच्या पोराने आणखी एक गोष्ट पकडली. गिअर पॅडल ज्या दांड्यावर बसतं तिथला बोल्ट ढिला होता, त्यामुळे निम्मी लाथ वायाच जात होती. दहा नंबरचा पाना, अर्धा मिनिट. निघण्याआधी हे घरीच बघा.

ऑईलचंही तेच. कारचं उरलेलं ऑईल बाईकमध्ये ओतू नका, आपला क्लच ऑईलमध्ये बुडालेला असतो आणि तो घसरतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ (ऑईलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑईलची खूण) लिहिलेलंच घ्या.

गिअरबॉक्स खरोखर जातो तेव्हा लक्षणं वेगळी असतात. जोर दिला की ठरावीक एकच गिअर सटकतो, किंवा ऑईल काढल्यावर त्यात लोखंडाचे तुकडे निघतात. तेव्हा इंजिन उघडावंच लागतं आणि पैसेही लागतात, तिथे घासाघीस करू नका. पॅडल दाबल्यावर परत जागेवर येत नसेल तर आतली स्प्रिंग बघायला सांगा. बहुतेक गाड्यांत तेवढ्यासाठी क्लचकडचं झाकण काढलं की पुरतं, अख्खं इंजिन फोडायची गरज नाही.

सोबत आपल्याच मॉडेलची एक क्लच वायर ठेवा. दुसऱ्या गाडीची 'जमवून' लावतो म्हणणारे भेटतील, लांबीत फरक असला की प्ले कधीच बसत नाही.

अंबाजोगाईत योगेश्वरीचं दर्शन, लातूरला मुक्काम, पुढे उदगीर, सगळं सुखाचं. उदगीरचा किल्ला बघाच. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ते याच परिसरात. त्या दिवशी गिअर लोण्यासारखे पडत होते, त्यामुळे मला तो किल्ला आहे त्याहून सुंदर वाटला असेल तर तेवढं वजा करा.

आणि हंगामात केज ते अंबाजोगाई अंधारात करू नका. कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा सोडा, रिफ्लेक्टरही नसतो.