तुम्ही विचारलंत म्हणून: हा कोरोफियम व्होल्युटेटरच का?

खाडीच्या चिखलात सापडलेल्या लांब मिशांच्या एवढ्याशा प्राण्याचा फोटो येतो आणि सोबत हा प्रश्न. फोटोत मिशा ठळक दिसतात. निकाल मात्र शेपटीवर लागतो आणि ती बहुतेकदा पोटाखाली वळलेली असते.

कोरोफियम व्होल्युटेटर हा अँफिपॉड (कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातले छोटे कवचधारी) गटातला, कोरोफिडी कुळातला प्राणी. लांबी फार तर ११ मिमी. निसर्गशास्त्रज्ञ पालासने १७६६ मध्ये त्याला लाकडी उवांच्या (वुडलाइस, ओलसर लाकडाखाली राहणाऱ्या छोट्या कवचधारी प्राण्यांच्या) शेजारी, ओनिस्कस या नावाखाली बसवलं होतं. पुढे कोरोफियम या नावाखाली इतक्या जाती जमल्या की १९९७ मध्ये त्यांची फाळणी करावी लागली. म्हणून जुन्या यादीतलं ‘कोरोफियम’ आजचं कोरोफियम असेलच असं नाही.

चिखल ०.५ मिमीच्या चाळणीतून धुवा. १ मिमीची वापरली तर पिल्लं निसटतात. डीएनए तपासायचा असेल तर फॉर्मेलिन टाळा, ९५ टक्के इथेनॉल घ्या. मग प्राणी पालथा ठेवून दोन सुयांनी अलगद सरळ करा आणि २० ते ४० पट मोठा करून शेपटीचे शेवटचे तीन खंड पाहा. तिन्ही सुटे असतील तर कोरोफियमची शक्यता. एकजीव होऊन त्यांची पट्टी झाली असेल तर व्होल्युटेटर नाही, बहुधा मोनोकोरोफियम हा फाळणीतून निघालेला वेगळा गट. घाईत वरच्या सुरकुतीला सांधा समजण्याची चूक फार होते. सुई हलवून खंड वेगळा हलतो का ते बघा. कोरोफियम अरेनेरियमचेही खंड सुटेच असतात, पण ती रेताड जागा पसंत करते. या दोन जाती वेगळ्या ओळखायला मिशांचे सांधे तपासावे लागतात, म्हणून तुटलेल्या मिशा त्याच कुपीत ठेवा.

नॉर्वेपासून भूमध्य आणि काळ्या समुद्रापर्यंत व्होल्युटेटर ही जाती आहे. क्षारता हजारी २ ते ५० सोसते, त्यामुळे तिला अडवतो तो मुख्यतः गाळाचा पोत: इंग्रजी यू आकाराचं बीळ टिकेल असा मऊ, बारीक चिखल हवा. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर ती कॅनडाजवळच्या फंडीच्या उपसागरात आणि मेनच्या आखातात आहे. फंडीत दक्षिण अमेरिकेला निघालेले छोटे तुतवार पक्षी तिच्यावरच चरबी चढवतात, त्यामुळे ती मूळची तिथलीच वाटते. पण २०१५ च्या जनुकीय अभ्यासाचा निष्कर्ष असा की तिला युरोपातून माणसानेच तिकडे नेलं.

पुढचा फोटो पाठवाल तो शेपटीचा, वरून घेतलेला असू द्या. सोबत गाळाचा पोत आणि क्षारताही लिहा.