आमची वाटचाल : ‘शासनाने’ म्हणजे नेमके कोणी?

२००९ साली नाशिकच्या कॉलेज रोडवर आम्ही प्रबंधांचे टंकलेखन आणि बांधणी करून देणारे छोटे दुकान थाटले. काळ्या रेक्झिनचे पुठ्ठे, त्यांवर सोनेरी अक्षरे आणि पाच प्रती, एवढाच तेव्हाचा व्यवसाय होता. शुद्धलेखन तपासण्याच्या निमित्ताने अनेक प्रबंध अथपासून इतिपर्यंत वाचले गेले आणि एक गोष्ट मनाला टोचत राहिली. विषय द्राक्षबागांचा असो, गोदावरीच्या पाण्याचा असो किंवा पेठ-सुरगाण्यातील बालकांच्या पोषणाचा, ‘निष्कर्ष व शिफारशी’ या शेवटच्या प्रकरणातले वाक्य ठरलेले असे : ‘शासनाने याबाबत योग्य ती पावले उचलावीत.’ हे शासन म्हणजे तलाठी की सचिव, जिल्हा परिषद की केंद्र सरकार, याचा कुठे उल्लेख नसे. चार-पाच वर्षे उन्हातान्हात हिंडून जमवलेली माहिती ग्रंथालयाच्या कपाटात जाई आणि ज्याच्या सहीने काही बदलू शकले असते, त्या अधिकाऱ्याच्या टेबलावर ती कधीच येत नसे.

संशोधनातले निष्कर्ष नेमक्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचवण्याचे पहिले काम २०१७ मध्ये एका प्राध्यापिकाबाईंमुळे हाती आले. भात आणि नागलीची कापणी आटोपली की सुरगाणा, पेठ या तालुक्यांतली कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे उतरतात. त्यांच्या मुलांची नावे मूळ गावच्या अंगणवाडीत राहतात आणि बागेजवळच्या अंगणवाडीत नाव नसल्याने आहार मिळत नाही, हे बाईंनी घरोघर जाऊन नोंदवले होते. आम्ही त्याची चौदा पानी टिपणी केली, पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठली, दुपारी प्रवेशपत्र मिळताच मंत्रालयात ती आवक-नोंदणीला दिली आणि मोठे काम केल्याच्या समाधानात परतलो. काही महिन्यांनी बाईंच्या हाती जे पत्र आले, त्यात विषय ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ जिल्हा परिषदेकडे वर्ग केल्याचे कळवले होते. म्हणजे ज्या कार्यालयात आम्ही पायी जाऊ शकलो असतो, तिथे आमचा कागद मुंबईची फेरी मारून पोहोचला होता आणि तोवर द्राक्षांचा हंगामही सरला होता. ही चूक सर्वस्वी आमची होती.

दुसऱ्या वर्षी आम्ही ती टिपणी दोन पानांवर आणली. ‘स्थलांतरित बालकांच्या पोषणाकडे शासनाने गांभीर्याने पाहावे’ हे वाक्य काढून टाकले आणि त्या जागी लिहिले : ‘ऑक्टोबर ते मार्च या काळात दिंडोरी व निफाड तालुक्यांतील अंगणवाड्यांनी मूळ गावच्या नोंदीच्या आधारे या बालकांना आहार द्यावा, असे पत्र बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना जिल्हा स्तरावरून जावे.’ नवा निधी नको होता, नवी योजनाही नको होती. पत्र दिवाळीआधी निघाले. बाईंनी पुन्हा फिरून पाहिले तेव्हा काही अंगणवाड्यांत मुले जेवताना दिसली, काहींत पत्र पोहोचलेच नव्हते. पुढे २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे अंगणवाड्यांच्या नोंदींचे ॲप आले आणि लाभार्थ्याची नोंद दुसऱ्या गावी नेण्याची सोय त्यात झाली. ती आमच्यामुळे झाली, असा दावा आम्ही कधीही करणार नाही.

तेव्हापासून हेच आमचे मुख्य काम झाले. वेळापत्रक सांभाळणे हा त्यातला मोठा भाग आहे. राज्याचा अर्थसंकल्प सहसा मार्चमध्ये मांडला जात असला तरी विभागांच्या मागण्या त्याच्या कितीतरी आधी तयार होतात, त्यामुळे फेब्रुवारीत आलेली उत्तम शिफारससुद्धा वर्षभर पडून राहते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवणे अपेक्षित आहे. त्या ३० दिवसांत परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासायला आल्या की प्राध्यापकांच्या सूचना राहून जातात. म्हणून आम्ही मसुद्यांवर रोज नजर ठेवतो.

प्राध्यापकांना वेळ का मिळत नाही, याचेही कारण आहे. ब्रिटनमध्ये संशोधनाच्या राष्ट्रीय मूल्यमापनात समाजावरील परिणामाला २०१४ मध्ये २० टक्के आणि २०२१ मध्ये २५ टक्के भार देण्यात आला. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या निवड-बढतीसाठी शोधनिबंधाला विज्ञान शाखेत ८ आणि मानव्यविद्या शाखेत १० गुण आहेत, तर राज्य सरकारला सादर केलेल्या धोरणविषयक दस्तऐवजाला ४. आंतरराष्ट्रीय, राष्ट्रीय आणि राज्य असे तीन स्तर त्या तक्त्यात आहेत. जिल्ह्याचा स्तर नाही. बाईंच्या ज्या दोन पानांनी मुलांच्या ताटात अन्न पडले, त्यांना या तक्त्यात जागाच नाही, ही गोष्ट मला आजही फार लागते.

आम्ही शुल्क संशोधन प्रकल्पाच्या निधीतून घेतो आणि निर्णय होईल अशी हमी देत नाही. निष्कर्षातला एक शब्दही बदलत नाही. अधिकाऱ्यांना एक ठाम आकडा हवा असतो आणि संशोधक त्या आकड्याच्या मर्यादा सोडायला तयार नसतो. अशा वेळी मर्यादा तळटिपेत न ढकलता आकड्याच्या शेजारच्याच वाक्यात लिहायची, असा आमचा नियम आहे. या नियमापायी काही कामे हातची गेली, तरी तो आम्ही सोडलेला नाही.

आज आम्ही चौघे जण आहोत आणि २०२७ च्या सिंहस्थामुळे गोदावरीच्या पाण्यावर काम करणारे संशोधक अधिक येऊ लागले आहेत. त्यांच्या मसुद्यांतही पहिल्या वाचनात ‘प्रशासनाने’ हाच शब्द सापडतो. गंगापूर धरणातून पाणी सोडणे जलसंपदा विभागाकडे आहे, मैलापाण्यावर प्रक्रिया करणे महानगरपालिकेकडे आणि पाण्याच्या गुणवत्तेवर देखरेख प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. त्यामुळे सध्या टेबलावर असलेल्या एका अहवालातून तीन वेगवेगळ्या टिपण्या काढण्याचे काम चालू आहे आणि त्यांपैकी महानगरपालिकेची या आठवड्यात जायची आहे.